तपोवनांतील पाहुणा

वाचकहो, या सदरांत मीं आजवर बहुधा इतरांच्या चुकांविषयीं लिहिलें आहे. शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्या मनुष्यास ती खोड लागते, व निवृत्तीनंतरही ती सुटत नाहीं. या महिन्यांत मात्र स्वतःच्याच एका चुकीविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. ती चूक माझ्या एकट्याची नसून आपल्या पुष्कळ घरांतून नकळत होत असते, आणि तिच्या निमित्तानें एका महत्त्वाच्या विषयाचा विचार करितां येण्यासारखा आहे.

गेल्या वर्षीं चैत्राच्या अखेरीस आम्ही उभयतां चिरंजीवांकडे शहरांत राहावयास गेलों होतों. गोरेगांवीं पहाटे उठून शेताच्या वाटेनें दूरवर जाऊन येण्याचा माझा नित्यक्रम आहे. शहरांत तसें मोकळें चालावयास जागा कोठून मिळणार, ही विवंचना होती. परंतु चिरंजीवांच्या बिऱ्हाडापासून जवळच एका विद्यापीठाचें विस्तीर्ण आवार निघालें. त्यांत वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठीं राखलेली दाट झाडी होती, आणि तींतील वाटांवर सकाळच्या वेळीं नागरिकांस फिरण्याची मुभा होती. पहिल्याच दिवशीं तेथें कांचन, बहावा, पांगारा, रिठा अशीं ओळखीचीं झाडें भेटलीं, आणि परक्या गांवीं आप्त भेटावे तसा मला आनंद झाला.

तेथेंच एक बेलाचें झाड होतें. जुनीं पानें गळून नवी, कोवळी, तांबूस पालवी नुकतीच फुटली होती. दुसरे दिवशीं सोमवार, घरीं रुद्राभिषेक व्हावयाचा. सोमवारीं बेल तोडूं नये असा आपल्याकडील संकेत आहे. म्हणून तो मोडूं नये या काळजीनें मीं रविवारींच पानें घेण्याचें ठरविलें. झाडाच्या बुंध्यावर क्रमांकाचा पत्रा होता, एका खालच्या फांदीस तांबडी फीत बांधली होती. ती कोणा पोरानें खेळतांना बांधली असावी, एवढाच विचार मनांत आला. फांदी हातास सहज पोंचत होती. मीं अकरा त्रिदळें निवडून घेतलीं व पंचाच्या पदरांत बांधलीं.

इतक्यांत हातांत वही घेतलेली एक विद्यार्थिनी तेथें आली. ती फांदीकडे पाहून क्षणभर थबकली व मग अत्यंत नम्रपणें म्हणाली, “आजोबा, हीं पानें आपण याच फांदीचीं घेतलींत का?”

मीं होय म्हटलें. ती म्हणाली, “या फांदीवरचीं पानें मी दर रविवारीं मोजतें. हें तिसरें वर्ष आहे.”

मी ओशाळलों. पदर सोडून म्हणालों, “मग, मुली, हीं घे आणि मोजणींत धर.” ती किंचित हसली. “तशीं धरतां येत नाहींत, आजोबा. फांदीवर किती दिवस राहतात, केव्हां वाढतात, केव्हां गळतात, हेंच तर पाहावयाचें असतें.” एवढें बोलून ती वहींत कांहीं लिहूं लागली. काय लिहिलेंस म्हणून मीं विचारलें, तेव्हां तिनें संकोचानें वही पुढें केली. तारीख व फांदीचा क्रमांक घालून तिनें लिहिलें होतें, ‘कोवळीं पानें माणसानें तोडलीं, अकरा.’ माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती लगबगीनें म्हणाली, “आपलें नांव लिहिलेलें नाहीं. पण घडलें तें लिहावेंच लागतें.”

रागावून बोलली असती तर मीं कदाचित देवकार्याचें निमित्त पुढें करून वाद घातला असता. परंतु त्या एका ओळीपुढें वाद उरला नाहीं. घडलें तें लिहावें, हें तर मीं शेंकडों मुलांस शिकविलें होतें. घरीं येऊन ही हकीकत आमच्या मंडळींस सांगितली, तेव्हां त्यांनीं शांतपणें विचारलें, “बेलपत्र शिळें होत नाहीं, धुवून पुन्हा वाहतां येतें, हें तुम्हीच सगळ्यांना सांगतां ना? मग शनिवारचीं पानें होतीं कीं देव्हाऱ्यांत.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

असो. आतां मूळ विषयाकडे वळूं. अभ्यासासाठीं राखलेलें वन आणि लोकांच्या विहारासाठीं मोकळें ठेवलेलें वन, हीं दोन्ही एकच असूं शकतात काय? असावींत काय? आणि असलीं तर पाहुण्यानें तेथें कसें वागावें?

शास्त्रीय अभ्यासासाठीं वनें राखण्याची पद्धति आपल्या देशांत नवी नाहीं. डेहराडून येथें १८७८ सालीं वनविद्येची शाळा निघाली आणि १९०६ सालीं तेथें वनसंशोधन संस्थेची स्थापना झाली. तिची विटांची भव्य इमारत १९२९ सालीं उघडण्यांत आली, आणि १९९१ सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सुमारें ४५० हेक्टरांच्या त्या आवारांत निरनिराळ्या वृक्षांचे लागवडीचे प्रयोग आहेत. तेथील संग्रहालयें लोकांस तिकीट काढून पाहतां येतात, आणि लांकडाच्या जाती व किडींचे उपद्रव डोळ्यांनीं पाहून परत येणारा प्रवासी कांहींतरी शिकूनच येतो.

आपल्या महाराष्ट्रांत पुण्याचें गणेशखिंड हें या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें स्थळ आहे. मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी निवास तेथें १८६४ ते १८७१ या काळांत बांधला गेला. जवळच १८७३ सालीं वनस्पति-उद्यान सुरू झालें. त्याची देखरेख पुढें वुड्रो नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती, आणि हिंदुस्थानांतील बागकामावर त्यानें लिहिलेला ग्रंथ पुष्कळ काळ प्रमाण मानला जात असे. हें उद्यान आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे असून तेथें फळझाडांचें संशोधन चालतें. सुमारें ३३ हेक्टरांच्या या जागेस २०२० सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्यांत आलें. गव्हर्नरांच्या निवासाच्या जागेंत १९४९ सालीं पुणें विद्यापीठ उभें राहिलें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरु. बाळासाहेब खेर यांच्या सरकारनें ४११ एकरांचें आवार विद्यापीठास मिळवून दिलें. सावित्रीबाई फुले यांचें नांव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या वृक्षराजींत पहाटे फिरावयास जाणाऱ्या पुणेकरांच्या कित्येक पिढ्या झाल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचें आवार तर ८५३ एकरांचें आहे, आणि तेथेंही वनस्पति-उद्यान आहे. आम्हां हिंगोलीकरांस जवळचें म्हणजे परभणीचें कृषि विद्यापीठ. तें १९७२ सालीं स्थापन झालें व २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें.

परदेशांत ही कल्पना अधिक विस्तारानें राबविलेली दिसते. टोकियो विद्यापीठानें १८९४ सालींच चिबा येथें आपलें पहिलें वन घेतलें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचें वन १९३१ सालापासून आहे. तें सुमारें ७,००० एकरांचें असून त्याचा बराच भाग पूर्वीं पडीक टाकलेल्या शेतांचा होता. त्या वनांत १९९६ पासून २०१० पर्यंत एक विलक्षण प्रयोग चालला. पाइन वृक्षांच्या राईंत उंच मनोऱ्यांचीं कडीं उभारून आंतील हवेंत कार्बन डायॉक्साइड वायु मुद्दाम वाढविण्यांत आला, आणि पुढील काळांत हवा अशीच बदलत गेली तर वन कसें वाढेल हें वर्षानुवर्षें मोजलें गेलें. झाडें अधिक वाढलीं खरीं. परंतु किती वाढलीं हें जमिनींत नत्र किती आहे त्यावर अवलंबून होतें, असें दिसून आलें. एवढें मोलाचें संशोधन जेथें चालतें, त्याच वनाच्या रस्त्यांवरून लोक फिरतात, धांवतात. नियम मात्र ठरलेले आहेत: आंखलेल्या वाटा सोडूं नयेत, कुत्रा साखळीनेंच न्यावा, कोणतीही वनस्पति उपटूं नये, आणि संशोधनाचे जे भाग बंद ठेवले असतील तेथें जाऊं नये.

येथें कोणी विचारील, एका पानानें असें काय बिघडतें? एका पानाचा प्रश्न नसून मोजणीचा प्रश्न आहे. वृक्षाचें आयुष्य मनुष्याहून दीर्घ, आणि त्याचे फेरफार मंद. एका वर्षीं पालवी आठ दिवस लवकर फुटली, तर तेवढ्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. दहा-वीस वर्षें तीच झाडें, त्याच फांद्या, त्याच पद्धतीनें पाहिल्या, म्हणजे मग पाऊस लांबला त्याचा परिणाम कोणता व उष्मा वाढला त्याचा कोणता, हें वेगळें काढतां येतें. माळेंतील एक मणी निसटला तर माळ जपास निरुपयोगी होते, तसेंच या नोंदींचें आहे. शिवाय पान तोडणें हा एकच अपराध नव्हे. वाट सोडून चालणाऱ्या पायांनीं माती घट्ट होते, तींत पाणी मुरत नाहीं, व रोपें उगवत नाहींत. झाडाखालच्या बिया मुलांनीं खेळावयास उचलल्या कीं बीज किती पडलें याचा हिशेब चुकतो. क्रमांकाचा पत्रा कोणीं काढून नेला तर त्या झाडाचा सगळा इतिहासच अनाथ होतो.

मग कुंपण घालून दार बंद कां करूं नये? कांहीं ठिकाणीं तें अवश्यच असतें. आमच्याच जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, गुरुत्वीय लहरी टिपण्याची लायगो ही प्रयोगशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या या कामास मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या, आणि मोजावयाचें अंतर अणूच्या गर्भाहूनही सूक्ष्म. तेथें जमिनीचा थोडा कंप देखील खपत नाहीं. अशा जागीं यात्रा भरवा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वनाची गोष्ट निराळी आहे.

वनाचें दार अगदींच बंद केलें तर दोन अनर्थ होतात. एक असा कीं, ज्या लोकांच्या पैशावर विद्यापीठें चालतात त्यांनाच तें परकें होतें. शहरांत ज्यांना अंगण नाहीं, परसू नाहीं, अशा वृद्धांस व बालकांस मोकळी हवा मिळण्याचें ठिकाण आधींच थोडें. त्यांतलें एक आणखी कमी होतें. दुसरा अनर्थ याहून मोठा. जें वन लोकांनीं कधीं पाहिलें नाहीं, त्यावर कोणाचा जीव जडत नाहीं, आणि उद्यां तेथें इमारतींसाठीं कुऱ्हाड चालूं लागली तर आपलें कांहीं गेलें असें कोणासच वाटत नाहीं. पहाटे तेथें फिरणारा म्हातारा हा त्या वनाचा विनामूल्य राखणदार असतो, फक्त त्यास राखण कशी करावी हें ठाऊक पाहिजे.

आपल्या पूर्वजांनीं हा तोल देवरायांत सांभाळला होता. सह्याद्रींतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या विद्वानांनीं १९७० नंतरच्या दशकांत केला, आणि जुन्या वनांचे शिल्लक राहिलेले हे तुकडे किती मोलाचे आहेत तें जगापुढें मांडलें. देवराईंत दर्शनास जाण्यास मज्जाव नसे, वार्षिक उत्सवास तेथें गांव जमे. परंतु वाळकी काटकी उचलतांनाही मनुष्य कचरत असे. म्हणजे देवराई पायांस खुली होती व कोयत्यास बंद होती. आज देवाच्या भीतीच्या जागीं क्रमांकाचा पत्रा व तांबडी फीत आली आहे. भीति गेली याचें दुःख नको. परंतु तिच्या जागीं समज यावयास हवी होती, ती आपणांत अद्याप आली नाहीं, हें माझ्याच उदाहरणावरून उघड आहे.

संस्कृत शिकवितांना शाकुंतल मीं कितीदां शिकविलें असेल! पहिल्या अंकांत दुष्यंत राजा मृगामागें धांवत आश्रमाच्या सीमेशीं येतो. हा आश्रमाचा मृग, यास मारूं नये, असें तपस्वी सांगतात, आणि सार्वभौम राजा निमूटपणें बाण आवरतो. पुढें आश्रमांत शिरतांना तो आपलें धनुष्य व अलंकार सारथ्याजवळ देऊन साध्या वेषानें आंत जातो. चौथ्या अंकांत कण्वमुनि वृक्षांस सांगतात कीं, भूषणांची आवड असूनही ही शकुंतला तुमची पालवी कधीं खुडीत नसे. हें मीं मुलांकडून पाठ करून घेतलें, त्यांतले समास सोडवून दिले, आणि परीक्षेंत त्यावर प्रश्नही घातले. परंतु तपोवन म्हणजे अध्ययनाचें वन, आणि तेथें राजा देखील पाहुणाच, हा अर्थ मला एका मुलीच्या वहींतील ओळीनें साठी उलटल्यावर कळला.

तेव्हां आपल्या घरांपुरते कांहीं नेम सुचवितों. अभ्यासाच्या वनांत जातांना पूजेसाठीं कांहींही आणावयाचें नाहीं, हा पहिला नेम. गणेशचतुर्थीची पत्री, वटपौर्णिमेची फांदी, दसऱ्याचा आपटा, हें सारें परसांतून, शेताच्या बांधावरून किंवा मालकाच्या अनुमतीनें आणावें. वटपौर्णिमेचें व्रत वडाच्या झाडाचें आहे, तोडलेल्या फांदीचें नव्हे, हें सुवासिनींस सांगावयास नको. आपट्याचें एक पान हातीं दिलें तरी सोनें होतें. त्यासाठीं फांद्या ओरबाडण्याचें कारण नाहीं. दुसरा नेम, फीत, खुंटी, दोरी, जाळी, पत्रा यांपैकीं कांहींही दिसलें तर तें कोणाच्या तरी कित्येक वर्षांच्या श्रमाचें चिन्ह आहे असें समजून त्यापासून दूर राहावें. तिसरा, मुलांस वाट सोडूं देऊं नये, आणि बरोबर नेलेलें खाणें तेथें पसरूं नये. आणि चौथा नेम असा कीं, तेथें काम करणारा विद्यार्थी भेटला तर तो काय पाहतो आहे हें त्यास सवडीनें विचारावें. माझा अनुभव असा कीं विचारणारा भेटला म्हणजे या मुलांस फार आनंद होतो.

सहल आणि संशोधन यांचें मुळांतच वैर आहे असेंही समजूं नये. जपानांत क्योटो येथें चेरीच्या फुलांचा बहर पाहण्यास राजदरबारची मंडळी जात असत. बहर कधीं आला, उत्सव कधीं झाला, हें त्यांनीं आपल्या रोजनिशींत टिपून ठेवलें. या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. आधुनिक शास्त्रज्ञांनीं त्या एकत्र केल्या तेव्हां बाराशें वर्षांच्या हवामानाचा एक दाखलाच हातीं आला. आणि २०२१ सालचा बहर २६ मार्चला, म्हणजे तोंवरच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकर आला, हें त्यांवरूनच समजलें. ते दरबारी लोक शास्त्रज्ञ नव्हते. ते केवळ फुलें पाहावयास आलेले होते. त्यांनीं पाहिलें आणि लिहून ठेवलें, इतकेंच.

पुढच्या रविवारीं मी त्या विद्यार्थिनीस पुन्हा भेटलों. झालेली हानि भरून कशी देऊं, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “आजोबा, ही फांदी आतां मोजणींतून वगळावी लागेल, त्यास इलाज नाहीं. पण आपल्या गांवीं बेल असेल ना? त्याची नोंद ठेवा.” सीझनवॉच नांवाच्या उपक्रमांत आपल्या देशांतील सामान्य लोक व शाळांतील मुलें जवळच्या झाडाची अशी नोंद दर आठवड्यास करतात, हेंही तिच्याकडूनच कळलें.

आमच्या परसांत वडिलांनीं लावलेला बेल आहे. गेल्या वैशाखापासून त्याच्या एका फांदीस तांबडी फीत बांधली आहे, आणि देवघराच्या कोनाड्यांत एक वही ठेवली आहे. दर रविवारीं मी व धाकटा नातू मिळून पानें मोजतों. यंदा जुनीं पानें केव्हां गळलीं व पालवी केव्हां फुटली, हें आम्हांस आतां तारखेनिशीं सांगतां येतें. साठ वर्षें त्याच झाडाखालीं वावरूनही मला तें पूर्वीं सांगतां आलें नसतें.

श्रावणांत एकदां घोटाळा झाला. पाहुणे आले होते, पानें कमी पडलीं, आणि आमच्या मंडळींनीं घाईंत फितीच्या फांदीवरचींच पांच पानें घेतलीं. नातू वही घेऊन माझ्याकडे आला व हळूच विचारूं लागला, “आजोबा, आजीनें तोडलीं असें लिहूं का? तिला राग येईल.”

मीं म्हटलें, “लिही. नांव घालूं नकोस. पण घडलें तें लिही.”